अण्णांच्या औषधाचं कार्ड

२ मार्च

दुकानात गेल्या वर्षीच्या काही डायऱ्या खपल्या नाहीत, त्यातली एक घरी आणली. वार चुकतात, तारखा जुळतात, मला तेवढं पुरे. धाकट्या भावाशी, योगेशशी, बोललं की तो उपाय सांगतो, आईशी बोललं की ती रडते. म्हणून इथे लिहायचं.

अण्णांना डिसेंबरात नागीण झाली. डाव्या बरगडीपासून मागे पाठीपर्यंत. फोड गेले, खपल्या पडल्या, डागही फिके झाले, दुखणं मात्र मुक्कामाला राहिलं. नगरचे डॉक्टर म्हणाले, नसांचं दुखणं आहे, कुणाचं महिन्यात जातं, कुणाचं वर्ष-दोन वर्षं राहतं. त्यांच्या गोळ्यांनी चक्कर येऊन अण्णा मोरीत पडले. गोळ्या बदलून आणल्या तर दिवसभर ग्लानी. शेवटी त्यांनीच पाकीट लांब सरकवून दिलं.

अंगाला कापड सहन होत नाही. एसटीत कंडक्टर होते, निवृत्तीनंतरही इस्त्रीच्या सदऱ्याशिवाय दारात यायचे नाहीत. आता उघडे बसतात आणि पंखासुद्धा नको म्हणतात, वारा झोंबतो. उघड्या अंगाने विहारात कसं जायचं, म्हणून विहार बंद. दर बुद्ध पौर्णिमेला पंचशील तेच देतात. यंदा पौर्णिमा १ मेला आहे. काल आईला विचारत होते, "तवर सदरा घालता यील का गं?" आई भाकरी थापत राहिली.

५ मार्च

सुप्याहून योगेशचा फोन. त्याच्या कंपनीत कुणाचा तरी मेव्हणा अमेरिकेत आहे. त्याच्या सासऱ्याला असंच नसांचं दुखणं होतं, गांजाच्या तेलाने उतरलं म्हणे. "आक्का, तिकडं डॉक्टर कार्ड देतो. कार्ड दाखवायचं, दुकानातून औषध आनायचं. एकदम कायदेशीर. आपल्याकडं बी आसंल की."

मला लगेच पटलं. राहात्यात तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. रेशन, आयुष्मान, अपंगांचं, कामगारांचं, एसटीच्या सवलतीचं, दिवसभर माझ्या काचेवर कार्डंच पालथी पडतात. ज्या देशात शेळीच्या कानालाही नंबर लावलाय, तिथे ह्याचं कार्ड नसेल?

अण्णांना मात्र कळू द्यायचं नाही, असं योगेशला बजावलं. वस्तीतली हातभट्टी अण्णांनीच बायकांना सोबत घेऊन बंद पाडली. त्यांचा सख्खा चुलतभाऊ छगनकाका, कंबर दुखते म्हणून औषधासारखी थोडी घेतो म्हणाला, तर भर बैठकीत त्याला विहाराच्या समितीतून काढलं. पाचवं शील म्हणजे नशापाणी करणार नाही हा शब्द, आणि तो शब्द अण्णा रोज सकाळी देतात. त्यांच्यासमोर गांजा हे नाव मी काढणार? मी आणि योगेश लहानपणी खोकल्याचं औषध मागायलासुद्धा भ्यायचो.

१० मार्च

परवा सेतू केंद्रात गेले. तिथला हर्षल माझ्याच दुकानातून कागद नेतो, म्हणून धीर केला. हळूच विचारलं. तो काही हळू बोलत नाही. "भांगेचं कार्ड? औषधाला? थांबा, बघतो." मागची रांग माझ्याकडे बघायला लागली. त्याने संगणकावर खालीवर करून सांगितलं, "यादीत न्हाई. अपंगात टाकू का? न्हाई, नागीन त्यात बसत न्हाई."

मग आज दुकान बंद ठेवून नगर. एका खिडकीने दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, दुसरीने दुसऱ्या इमारतीत. तिथले कारकून शांतपणे म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं दारूचा परवाना मिळतो, आरोग्यासाठी. तो देऊ का?" रखमाजी कंडक्टरच्या मुलीला! मला हसू आलं आणि बसमध्ये बसल्यावर रडू आलं.

घरी आले तर अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले होते. दुखायला लागलं की ते राहात्यापासून नगरपर्यंतचे थांबे ओळीने पुटपुटतात. आज नगरला पोचून परत निघाले होते.

१७ मार्च

काम झालं! तहसीलच्या वडाखाली बसणारा एजंट आदिनाथ म्हणाला होता, "ताई, एवढ्यासाठी नगरला गेला? माला सांगायचं." आधार, फोटो आणि पैसे नेले, आज कार्ड घेऊन आला. वर तीन सिंह, मध्ये अण्णांचा फोटो, कोपऱ्यात हिरवं पान. "फक्त लॅमिनेशन बाकी हाय, ते तुमीच करून घ्या," म्हणाला. माझ्याच मशिनमधून ते गरम गरम बाहेर आलं. इंग्रजीत 'मेडिकल' चुकलेलं आहे, पण सरकारी कागदावर नेहमीच काहीतरी चुकलेलं असतं.

२० मार्च

श्रीरामपूरला गेले. तिथे कल्याणशेठचं आयुर्वेदिक औषधांचं जुनं दुकान आहे. गिऱ्हाईक कमी झाल्यावर कार्ड पुढे केलं. त्यांनी चष्मा वर केला, कार्ड उलटं केलं, सुलटं केलं, आणि काउंटरखाली माझ्या हातात परत दिलं.

"ताई, हे पर्समधून पुन्हा बाहेर काढू नका. पोलिसाला तर अजिबात दाखवू नका. असं कार्ड आपल्याकडं निघतच नाही."

मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. मग समजावून सांगितलं. गांजा म्हणजे झाडाचा शेंडा, फूल. तो जवळ ठेवणं गुन्हा. पानाचं तसं नाही, पान आयुर्वेदात औषध आहे, विजया म्हणतात. परवाना असलेल्या कंपन्या त्याचं तेल काढतात. नोंदणी असलेल्या आयुर्वेदिक डॉक्टरने रोगी तपासून चिठ्ठी लिहिली की ते मागवता येतं. "कार्ड-बिर्ड काही नाही. डॉक्टरची चिठ्ठी, बाटलीवरचं नाव तेच, आणि बाटली दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. एवढं सोपं आहे हो."

एवढं सोपं होतं आणि मी दोन आठवडे गावभर कार्ड मागत फिरले. घरी येऊन कटरने ते कापलं. फोटोवर कटर चालवेना, तेवढा चौकोन ठेवून दिला. आदिनाथकडे पैसे परत मागता येणार नाहीत. मागितले तर कशाचे ते वडाखाली सगळ्यांना सांगावं लागेल.

२४ मार्च

कल्याणशेठनी सांगितलेल्या डॉक्टर वयाने लहान आहेत, संस्कृती नाव. सगळे कागद नीट वाचले. हृदयाचं काही? बीपीची गोळी कोणती? पूर्वी कधी डोकं फिरल्यासारखं, भास वगैरे? घरात कुणाला? मी सगळ्याची उत्तरं दिली. मग म्हणाल्या, गुण येईलच असं सांगत नाही, काहींना येतो. दोन थेंबांपासून सुरुवात, हळूहळू वाढवायचं, चक्कर आली तर थांबायचं. "पण बाबांशी बोलल्याशिवाय मी लिहीत नाही."

दवाखान्यातूनच व्हिडिओ कॉल लावला. आईने घाबरून फोन उलटा धरला, मग सरळ केला. डॉक्टरांनी अण्णांना कुठं दुखतं, कसं दुखतं ते विचारलं. अण्णा म्हणाले, "काटेरी तार गुंडाळून कुनी वढल्यासारखं." आम्हाला त्यांनी असं कधी सांगितलं नव्हतं.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, औषध कशाचं आहे ते तुम्हाला सांगितलंय ना? तुमची तयारी आहे ना?"

मी डॉक्टरांच्या मागे उभी होते. अण्णांनी पडद्यावर माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पोरगी दील ते घ्यायचं."

सुटले बाई. म्हाताऱ्या माणसांना फार खोलात जायचं नसतं तेच बरं.

३१ मार्च

बाटली आली. लहानशी, काळी. अण्णांना सांगितलं, आयुर्वेदिक तेल आहे, नसांना ताकद येते. झाकण उघडलं तर वास उग्र. अण्णांनी बाटली हातात मागितली, नाकाशी नेली आणि परत दिली. मी म्हटलं, "जडीबुटी आहे, वास येणारच." ते म्हणाले, "व्हय." तोंड उघडलं. जिभेखाली दोन थेंब सोडले.

६ एप्रिल

अजून फरक नाही. फक्त परवा रात्री थांबे नगरपर्यंत गेले नाहीत, बाभळेश्वरलाच झोप लागली. ते दुखणं कमी झाल्याने की थकल्याने, कोण जाणे. डॉक्टरांना विचारून चार थेंब केले.

११ एप्रिल

आज बनियन घातली! मऊ जुनी, आईने दोनदा धुतलेली. एक तास अंगावर राहिली. आईने पलीकडच्या दगडाबाईला हाक मारून दाखवली. दगडाबाईने विचारलं, कोणतं औषध लागू पडलं? मी म्हटलं, आयुर्वेदिक. फार खरं बोलले नाही आणि फार खोटंही नाही.

१३ एप्रिल

एक काळजी लागली आहे. सकाळी बुद्धमूर्तीसमोर आम्ही तिघं वंदना म्हणतो, अण्णा पुढे आणि आम्ही मागे. आज 'मुसावादा वेरमणी' म्हणजे खोटं न बोलण्याचं चौथं शील झालं आणि अण्णा थांबले. मला वाटलं श्वास घेतायत. ते हात जोडून बसूनच राहिले. मग मीच 'सुरामेरयमज्ज' म्हणून पाचवं पुरं केलं. लहानपणापासून ऐकतेय, अण्णा एक अक्षर कधी चुकले नाहीत.

दुपारी आईशी बोलताना मात्र त्यांनी त्यांच्या लग्नात कोण रुसलं होतं ते नावानिशी सांगितलं. जुनं आठवतं आणि रोजचं विसरतं, असं म्हातारपणी होतं म्हणतात. की औषधाने?

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक दारावरून गेली. अण्णा बनियनवर उंबऱ्यात उभे राहिले. समितीचे बन्सीकाका रांग सोडून आले, पाया पडले. "रखमाजी, पौर्णिमेला तुमीच पाहिजेत बरं का." अण्णा म्हणाले, "बघू. सदरा घालता आला पायजे." बन्सीकाका म्हणाले, "यील, यील." ढोलाने अण्णांना त्रास होत असणार, पण शेवटचा माणूस जाईपर्यंत हलले नाहीत.

सकाळी वंदनेत पुन्हा चौथ्यावरच थांबले. आजच्या दिवशी!

१७ एप्रिल

सलग पाच दिवस. चौथ्यापर्यंत खणखणीत, पाचव्याला गप्प. मी आठवण म्हणून सुरुवात करून देते, तरी ओठ हलत नाहीत. आज डॉक्टरांना फोन केला. म्हणाल्या, विसरायला होत असेल तर प्रमाण कमी करा, दोनावर आणा, आठवडाभर बघा. बाकी काही विसरतात का? मी म्हटलं, नाही, तेवढंच. त्यांनी परत विचारलं, "तेवढंच?" मी म्हटलं, हो, तेवढंच.

दोन थेंब केले. बनियन घालता आली तर काय उपयोग, डोकंच जागेवर राहिलं नाही तर?

२१ एप्रिल

बनियन गेली. परत उघडे. काल दुपारी आईच्या पदराचा नुसता काठ लागला तर ओरडले, मग तिचीच समजूत काढत बसले. थांबे परत सुरू झाले. रात्री अंथरुणात पडून मी पण त्यांच्याबरोबर म्हणते, बाभळेश्वर, कोल्हार, राहुरी. पाचवं शील मात्र अजून आठवत नाही. म्हणजे औषध कमी करूनही उपयोग नाही. मी फार थकले आहे. दुकानात एका माणसाच्या सातबाऱ्याच्या दहा प्रती काढल्या, त्याला हवी होती एक.

२४ एप्रिल

सकाळी वंदना झाली. आई चूल पेटवायला गेली. अण्णा मूर्तीसमोरच बसून राहिले आणि मला म्हणाले, "थेंब कमी केलेस व्हय?"

मी म्हटलं, "तुम्हाला विसरायला होतंय, अण्णा. पाचवं शील रोज राहतंय."

"इसरलो न्हाई."

"मग?"

"जे पाळत न्हाई ते तोंडानं कसं म्हनू?"

कधी कळलं, एवढंच विचारलं. म्हणाले, "डाक्टरीन इचारत हुती तवाच वाटलं, तू काय तरी दडवतीस. बाटली उघडली तवा वासच आला. गाडीत शिटाखाली पोती ठिवून बसनारी मानसं मी नाकानं वळखायचो, पोरी. लई जनांना खाली उतरवलंय."

"मग घेतलं कशाला? नाही म्हणायचं होतं."

"तू बाटली धरून हुभी हुतीस. न्हाई म्हनवलं न्हाई." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "आन दुखतंय बी लई."

मी रडायला लागले. पौर्णिमेपर्यंत बरं करायच्या नादात त्यांचं काय चाललंय ते मला दिसलंच नाही, आणि वर आठवडाभर औषध तोडून दुखणं परत आणलं. हे सगळं त्यांनी मुकाट्याने सोसलं. मी म्हटलं, औषध म्हणून घेतलं तर शील मोडत नाही, भन्तेंना विचारू.

"मोडत नसंल. पन छगन बी औषधच म्हनत हुता. मी त्याची कंबर कुठं बघितली?" मग म्हणाले, "ते माझं मी बघीन. माझं पाचवं गेलं म्हनून मी गप बसलो. तू चौथं रोज कसं म्हनतीस?"

मी उठून दुकानात गेले. चावी घरीच राहिली होती.

२७ एप्रिल

त्याच संध्याकाळी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "मी त्यांना विचारलं तेव्हा तुम्ही मागे उभ्या होतात." परत चार थेंब द्यायला सांगितले, त्यांची तयारी असेल तरच.

तयारी आहे, पण अण्णांची अट आहे. लपून घेणार नाही. अंगणात, खाटेवर, आणि दर वेळी मी मोठ्याने सांगायचं काय देतेय ते. मी म्हटलं, सांगते, विजयाचं तेल. "नाव बदलू नको. लोक जे म्हनतात ते म्हन."

अंगणात म्हणजे वस्तीत. एका बाजूला दगडाबाई, समोर नळ, नळावर सगळ्या बाया. रखमाजी कंडक्टर गांजा घेतो, हे संध्याकाळच्या आत कोपऱ्यापर्यंत जाईल. ज्यांच्या भट्ट्या बंद केल्या ती घरं अजून इथेच आहेत. मी बाटली पदराखाली धरून दारापर्यंत जाते आणि परत येते. तीन दिवस थेंब नाहीत. आई म्हणाली, "मी म्हनू का तिच्यावतीनं?" अण्णा म्हणाले, "तिनं आनलंय, तिनं म्हनावं."

दुखणं त्यांचं आणि लाज माझी. माझ्या लाजेपायी ते कळवळतायत हे मला दिसतं, तरी तोंड उघडत नाही. मी सकाळी चौथं शील म्हणणं सोडलं आहे. आता आमच्या घरात पाचही पूर्ण म्हणणारी एकटी आई.

३० एप्रिल

संध्याकाळी बन्सीकाका आले, बरोबर समितीतले तिघं. मंडप झाला, खिरीचं दूध ठरलं, आता फक्त अण्णांचा होकार. अण्णा खाटेवर उघडेच होते, पाठ ताठ, हात अंगापासून लांब धरलेले. आईने चहा आणला. नळाला पाणी आलं होतं, बाया होत्याच.

बन्सीकाका म्हणाले, "मग उद्या यायचं ना? लोक वाट बघतात."

अण्णा म्हणाले, "सदरा घालता आला तर." एवढं बोलतानाही त्यांनी ओठ दाबले. माझ्याकडे बघितलं नाही.

मी आत गेले. बाटली घेतली. पदराखाली धरली नाही. बाहेर येऊन खाटेसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "अण्णा, हे गांजाच्या झाडाच्या पानांचं तेल आहे. डॉक्टरनी चिठ्ठीवर लिहून दिलंय. चार थेंब."

आवाज फार मोठा निघाला. बन्सीकाकांचा कप हातातच राहिला. नळावर कुणीतरी कुणाला तरी विचारलं, काय म्हनली? अण्णांनी तोंड उघडलं. मी थेंब सोडले, चार.

झाकण लावलं. मग अण्णा म्हणाले, "बन्सी, उद्या चार मी म्हनतो. पाचवं तू म्हन. का ते लोकांना मी सांगंन."

बन्सीकाकांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "आन सदरा?"

मी अण्णांकडे बघितलं. चार थेंबांनी एका रात्रीत काही होत नाही, हे मला माहीत आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, आणि अण्णांनाही माहीत आहे.

"न्हाई जमला तर असाच यीन," अण्णा म्हणाले.

सगळे गेल्यावर आईने तरीही सदरा इस्त्रीला काढला.